वाकडी धार

१

मागच्या खोलीतल्या करवतीला रोज सकाळी धार लावायची, हाताने लावायची, आणि का ते विचारायचं नाही.

घरात नियमांना तोटा नव्हता. बाकीचे मोडले तर फार तर बोलणी बसत. या एका नियमाबद्दल मात्र नुसतं 'पण' म्हटलं तरी बाबा जेवता जेवता उठत, आईला एकदम गच्चीवरचे कपडे आठवत, आणि मोठे काका, ज्यांना एरवी शेजारच्या घरातली कुजबुजही ऐकू यायची, ते एकाएकी ठार बहिरे होत.

धाकटी कॉलेज संपवून आली होती ती पंधरा दिवसांसाठी. पुढे शहरात नोकरीचं जवळजवळ ठरलेलं होतं. पण त्याच आठवड्यात बाबांचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरने हात गळ्यात बांधून दिला आणि बजावलं, की या हाताने आता चमचासुद्धा उचलायचा नाही. बाबांचं दुकान साखळी करवतींच्या दुरुस्तीचं. पुढे दुकान, मध्ये घर, मागे ती खोली. लाकूडतोडे आपापली मशीनं घेऊन यायचे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम साखळीला धार लावण्याचं असायचं. ते काम धाकटीला लहानपणापासून येत होतं. तिच्या हातात कानस आली ती पेन्सिलीच्या आधी, असं काका सांगायचे. काका काय, काहीही सांगायचे.

"दुकानाचं मी बघते," ती म्हणाली. "पण त्या मागच्या करवतीचं काय प्रकरण आहे, ते मला नीट सांगा."

"सांगितलं ना," बाबा म्हणाले. "रोज. हाताने."

"आणि का?"

काका बहिरे झाले.

ती करवत दादाची होती. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं, डोंगरउतारावर झाडं आडवी झाली. ती कापायला जी माणसं गेली त्यांत दादा होता. दुपारची जेवणं उरकून माणसं पुन्हा कामाला लागली आणि उतारच खाली आला. बाकीचे निसटले. पुढे कित्येक दिवस चिखल उपसला गेला, पण दादा सापडला नाही. करवत सापडली. इंजिनात चिखल जाऊन ते असं बसलं होतं, की आता दोरी ओढायला पहिलवान आणला तरी ते हलणार नव्हतं. बाबांनी ती धुतली, पुसली आणि मागच्या खोलीत खुंटीला टांगली.

बंद इंजिनाच्या करवतीला रोज धार. धाकटीला ते कळत नव्हतं असं नाही. दुःखाला काहीतरी हातचाळा लागतो. तिला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. दुःख करायचं तर मोकळेपणाने करावं, त्याचा नियम कशाला करायचा?

२

मागची खोली लांबट आणि अंधारी होती. तीन भिंती विटांच्या, मागची मात्र लाकडी फळ्यांची. फळ्यांच्या पलीकडे सार्वजनिक नळाची गल्ली. खोलीत जुन्या पट्ट्या, तेलाचे रिकामे डबे आणि मोडके पंखे पडलेले असत. मधोमध खांबाच्या खुंटीला ती करवत, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, मागच्या भिंतीकडे तोंड करून.

पहिल्या सकाळी धाकटीने नियमाप्रमाणे केलं. साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी शिकंज्यात धरली, सुरुवातीच्या दातावर खडूची खूण केली आणि गोल कानस घेऊन बसली. साखळीवर दात एकाआड एक असतात, एक डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे. आधी एका बाजूचे सगळे करायचे, मग पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूचे. कानस नेहमी पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. मागे ओढली तर कानस मरते. हे सगळं तिच्या हाताला पाठ होतं. डोकं रिकामं होतं, म्हणून ते नोकरीचा विचार करत होतं.

दुसऱ्या सकाळी साखळी बोथट होती.

तिने अंगठ्याचं नख दाताच्या कडेवर टेकवलं. तिखट दात नखात रुततो. हा घसरला. तिने पुढचा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. सगळेच तसे. कडा चमकत होत्या, दिवसभर लाकूड खाल्ल्यावर चमकतात तशा.

आपणच काल घाईत काम केलं असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. किंवा दमट हवा. दमट हवेने पोलाद एका रात्रीत बोथट होत नाही, हे तिला माहीत होतं. पण सकाळच्या वेळी माणूस स्वतःशी फार वाद घालत नाही.

तेवढ्यात आई केरसुणी घेऊन आली आणि करवतीखालची जमीन झाडू लागली. केरात बारीक पिवळसर भुसा होता.

"हा कुठून आला?"

"उंदीर."

"उंदीर लाकूड कातून पीठ पाडतात?"

"आपल्या घरातले पाडतात," आई म्हणाली आणि केर भरून निघून गेली.

तिसऱ्या सकाळी तेच झालं, आणि चौथ्याही. तेव्हा धाकटीने आणखी एक गोष्ट नीट पाहिली, आणि ती पाहिल्यावर तिच्या मानेवर कोणीतरी गार हात ठेवल्यासारखं झालं. प्रत्येक दाताच्या माथ्यावर एक तिरकी रेघ असते. घासून घासून दात त्या रेघेपर्यंत आला, की साखळी संपली, फेकून द्यायची. कुठलीही साखळी रोजच्या धारेवर काही महिन्यांच्या वर टिकत नाही. इथे तीन वर्षं रोज कानस चालली होती. तिच्या समोरच रोज पोलादाची बारीक काळी पूड कागदावर पडत होती. आणि दात जसे नव्या साखळीचे असावेत तसे पूर्ण होते.

"बाबा, दादाच्या करवतीची साखळी किती वेळा बदललीत?"

"बदलली नाही."

"मग ती झिजत कशी नाही?"

बाबांनी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला. "कॉलेजात प्रश्न विचारायचे पैसे भरले होते ना? तिथेच विचारून संपवायचे होतेस."

"विनोद करून तुम्ही सुटता, बाबा. दरवेळी."

"तेवढंच जमतं मला," बाबा म्हणाले. ते मात्र त्यांनी विनोदाने म्हटलं नाही.

३

त्या दिवशी दुकानात एक लाकूडतोड्या आला. अंगाने ताडमाड, सगळे त्याला उंटच म्हणायचे. त्याने करवत टेबलावर आदळली.

"ताई, ही तुझ्या बापाने धार लावलेली. कापतीय झकास, पण सरळ जाईल तर शपथ. ओंडक्यात घातली की निघते शेजाऱ्याच्या दारी."

धाकटीने साखळी पाहिली आणि हसू दाबलं. डाव्या बाजूचे दात लांब आणि तिखट होते, उजव्या बाजूचे आखूड आणि मऊ. करवत तिखट दातांच्या बाजूला ओढली जाते. मग ती सरळ कापत नाही, हळूहळू वळत जाते, आणि लाकूड पुरेसं मोठं असेल तर गोल फिरून येईल.

"बाबांचा खांदा काही आजचा दुखरा नाही," ती म्हणाली. "एका बाजूला हाताचा जोर पडत नसणार. थांब, घोडीवर करून देते."

घोडी म्हणजे धार लावायचं हातसाधन. ते पट्टीवर मांड ठोकून बसायचं, दोन्हीकडून स्क्रूने आवळायचं. वर कोनाच्या खुणांची चकती, आणि त्यावर दोन दांड्यांमधून सरकणारी कानस. खरं तर स्वार ते आणि घोडी पट्टी, पण या घरात नावं कोणी विचार करून ठेवत नसे. चकतीवर कोन एकदा लावला, की हात थरथरो, खांदा दुखो, मन कुठेही असो, प्रत्येक दात सारखा. धाकटीला ते साधन मनापासून आवडायचं. त्यात अंदाजपंचे काही नव्हतं. काम झाल्यावर ती कानशीवर तारेचा ब्रश फिरवायची, खाचांत अडकलेली पूड काढायची, दांड्यांना तेलाचं बोट लावायची, पण कानशीला तेल लागू द्यायची नाही. तेल लागलेली कानस पोलादावरून नुसती घसरते. मग ती कानस थोडी फिरवून बसवायची, म्हणजे ती सगळीकडून सारखी झिजेल. बाबांनी हे साधन आणलं, पण वापरलं क्वचितच. जुनी माणसं.

उंटाने बाहेर एका फळकुटावर करवत चालवून पाहिली. रेघ ओढावी तशी सरळ गेली.

"वा ग ताई! बापाला सांग, आता पेन्शन घे."

तो गेला आणि धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांच्या हाताची धार वाकडी पडत असेल, तर दादाच्या करवतीचीही वाकडीच असणार. ती मागे गेली. खरंच, डाव्या बाजूचे दात तिखट, उजव्या बाजूचे मऊ. तिनेही हाताने लावताना बाबांचाच कोन पकडून पुढे नेला होता, एखाद्या चुकीच्या पाढ्यासारखा.

दादाला वाकडं काम खपायचं नाही. लहानपणी तिने वहीत आखलेली रेघ वाकडी आली, तर तो शेजारी बसून पुन्हा आखायला लावायचा.

तिने घोडी आणली आणि दादाच्या करवतीवर चढवली. हाताने लावायची असं नियमात होतं. हे साधनही हातानेच चालतं, वीज लागत नाही, असं उत्तर तिने तयार ठेवलं. कोणी विचारलंच नाही, कारण सगळे दुपारच्या जेवणाची वाट पाहत होते.

४

दुकान दुपारी बंद असायचं. जेवून सगळे आडवे होत. अशा वेळी लांबून करवतीचा आवाज येई, हे धाकटीला घरी आल्यापासून माहीत होतं. डोंगराकडे कोणीतरी काम करत असेल, त्यात नवल काय? एवढंच होतं, की तो आवाज एका जागी नसायचा. एखाद्या दुपारी न्हाणीघराच्या बाजूने यायचा, एखाद्या दुपारी दुकानाच्या, मग गल्लीच्या. घराला लांबून वळसा घालत असल्यासारखा. आई त्या वेळी रेडिओ मोठा करायची.

त्या दुपारी आवाज आला तो फक्त मागून.

आणि तो हलला नाही. इतके दिवस तो कुरकुरत यायचा, बोथट साखळी लाकडाला घासत राहते तसा. आज तो खणखणीत होता. आईने रेडिओ मोठा करायला हात नेला आणि तो हात तसाच राहिला. बाबा गादीवर उठून बसले.

"आज जवळ आहे," काका म्हणाले. मग सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलेलं बघून ते म्हणाले, "ऊन. ऊन जवळ आहे म्हणतो मी. उकडतंय."

चार वाजता धाकटी मागच्या खोलीत गेली. करवत जागच्या जागी होती. साखळी पुन्हा बोथट. पण खाली पीठ नव्हतं. खाली ढलप्या पडल्या होत्या, चांगल्या धारेच्या करवतीतून उडतात तशा, कुरळ्या आणि जाड. ओल्या. तिने एक नाकाशी नेली. तिला ताज्या कापलेल्या झाडाचा वास आला, आणि त्याखाली चिखलाचा.

आई दारात उभी होती. तिने केरसुणी आणली नव्हती.

"काय केलंस तू तिला?" आईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. कित्येक वर्षांत नव्हतं असं काहीतरी होतं.

"काही नाही. धार सरळ केली."

"उद्याही तशीच कर," आई म्हणाली. "त्यांना सांगू नको."

५

पुढच्या दुपारी आवाज आणखी जवळ आला, त्याच्या पुढच्या दुपारी त्याहून. सकाळी धाकटी घोडी चढवी, दाताला दात जुळवी, चारला जाऊन ढलप्या बघे. बुद्धी म्हणत होती, कोणीतरी चेष्टा करतंय. बुद्धी असंही म्हणाली, की बंद खोलीत, इंजिन मेलेल्या करवतीखाली रोज ढलप्या आणून टाकण्याची चेष्टा करायला फार उद्योगी माणूस लागेल. काका तर पाण्याचा पेलाही दुसऱ्याकडून मागवतात.

मग ढलप्या बदलल्या. ओलं लाकूड संपलं. एका दुपारी कोरड्या, जुन्या लाकडाच्या ढलप्या पडल्या, आणि त्यांची एक कड काळी होती. तिने बोटावर घासून पाहिलं. डांबर होतं.

पावसाने फळ्या कुजू नयेत म्हणून मागच्या भिंतीला बाहेरून डांबर फासलेलं होतं. दादानेच फासलं होतं, आणि मग आठवडाभर हात काळे घेऊन फिरला होता.

ती धावत गल्लीत गेली. नळावर दोन बायका बादल्या भरत होत्या. भिंत धड होती. डांबराच्या थरावर ओरखडासुद्धा नव्हता. तिने फळी न् फळी हाताने चाचपली.

"काय ग, काय हरवलं?" एका बाईने विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. तिच्या मुठीत ती ढलपी होती आणि तिला डांबराचा वास येत होता.

त्या संध्याकाळी आईने कपाट उघडून दादाचे सदरे काढले, झटकले आणि इस्त्री केले. बाबा ते बघत राहिले. मग ते धाकटीच्या हातांकडे बघत राहिले, आणि त्यांना कसली तरी शंका आल्यासारखं वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती आडवी झाली नाही. मागच्या खोलीत जाऊन डब्यावर बसली. बाहेर कडक ऊन होतं, छपराच्या फटीतून त्याचा एक पट्टा जमिनीवर पडला होता, त्यात धूळ तरंगत होती. नळावरून पाणी बादलीत पडत असल्याचा आवाज येत होता. अशा उजेडात माणूस भीत नाही, असा तिचा समज होता.

साखळी हलली.

इंजिन गप्प होतं. करवत खुंटीला स्थिर लटकली होती. पट्टीवरून साखळी मात्र फिरत होती, वेगाने नव्हे, कोणीतरी दुसऱ्या टोकाने ओढावी तशी. तिने सकाळी तेल दिलेल्या दातांवरून उजेड सरकत होता. आवाज मात्र समोरून येत होता, फळ्यांच्या पलीकडून. खणखणीत. नळाचं पाणी ऐकू येईनासं झालं.

करवतीखाली ढलप्या पडू लागल्या. समोरच्या फळीवर छातीच्या उंचीला एक केसाएवढी रेघ उमटली, आणि रेघेतून उजेड आला. तो गल्लीतला पांढरा उजेड नव्हता. हिरवट, ओला, झाडांखालचा होता.

पळून जावं असं तिला वाटलं. आणि पलीकडे दादा आहे, हेही वाटलं. दुसरं जास्त खरं होतं, म्हणून ती उठली आणि तिने रेघेला डोळा लावला.

आधी नुसता चिखल दिसला. मग एक बाही, त्याच्या कामाच्या जाकिटाची, कोपरापाशी शिवलेली. हात थरथरत होता. रागाने किंवा जोराने नव्हे. खूप दिवस कोणीच 'बस' म्हटलं नाही, की हात थरथरतात तसा. जड श्वास ऐकू येत होता. मध्येच त्याने बाहीला कपाळ पुसलं, डावीकडून उजवीकडे, तो नेहमी पुसायचा तसं, आणि पुन्हा करवतीवर वाकला.

मग तिला करवतीच्या मुठीवरची बोटं दिसली.

ती तुटलेली नव्हती. रक्त नव्हतं, जखम नव्हती. ती आखूड झाली होती. एकाआड एक, एक डावीकडून, पुढचं उजवीकडून, तिरकी आणि स्वच्छ घासलेली. तो कोन तिला ओळखीचा होता. तिनेच तो चकतीवर लावला होता.

"दादा," ती म्हणाली.

श्वास थांबला. रेघेच्या पलीकडून कोणीतरी वळलं. उजेड झाकला गेला. त्याचा चेहरा तिला दिसला असता, पण तिने डोळे मिटून घेतले.

७

ती मधल्या खोलीत आली तेव्हा तिघंही जागी होती. मागून आवाज पुन्हा सुरू झाला होता. मात्र आता त्यात खणखणीतपणा उरला नव्हता. साखळी बोथट होत चालली होती.

"बोटभर राहिलंय," आई म्हणाली. ती दाराला कान लावूनच उभी होती. "ऐकू येतंय मला. बोटभर लाकूड राहिलंय आणि धार संपली. जा, लाव. आत्ता लाव. त्या तुझ्या घोडीने लाव, सरळ."

"घोडीने?" बाबा उठले. "तू तिला घोडी लावलीस?"

"वाकडी होती धार," धाकटी म्हणाली.

"वाकडी मी ठेवली होती!"



"म्हणजे?" आईने विचारलं.

बाबा खाली बसले. "पहिल्याच महिन्यात आवाज भिंतीपर्यंत आला होता. एका दुपारी मी बघायला गेलो. मी... जे दिसलं ते दिसलं. ते घरात यायला नको असं वाटलं, आणि थांबावं असंही वाटेना. मग मी एका बाजूला कानस हलकी मारायला लागलो, इतकी की पुढे हाताला तीच सवय लागली. वळत राहिला. जवळ राहिला. रोज आवाज यायचा, म्हणजे आहे असं वाटायचं."

"तीन वर्षं," आई म्हणाली. "माझं पोर घराच्या दारी आलेलं, आणि तुम्ही त्याला तीन वर्षं गोल फिरवलंत? आणि मी रेडिओ लावत बसले?"

"तू बघितलं नाहीस."

"मला बघायचंय! कसाही असू दे, माझा आहे तो!" ती धाकटीकडे वळली, तिचे दोन्ही हात धरले. आईचे हात तापलेले होते. "जा ग बाई. एवढं माझं ऐक. आयुष्यात पुन्हा काही सांगणार नाही तुला. जा नोकरीला, कर हवं ते. एवढी एक धार लाव."

"सरळ नको," बाबा म्हणाले. "हाताने लाव. पूर्वीसारखी. बोथट करवत घेऊन त्याला एकट्याला तिथे नको सोडू."

काका भिंतीला टेकून बसले होते. "काहीतरी लाव, पोरी," ते हळूच म्हणाले. त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं.

धाकटीने आईच्या हातांतून आपले हात सोडवले, पण झटकले नाहीत. तिला संताप येईल असं वाटलं होतं. आयुष्यभर या तिघांवर तिला तो आयता येत असे. आता आलं ते निराळंच.

"ती साखळी झिजत का नाही, ते मी विचारलं होतं," ती म्हणाली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं. आई, तुला नाही, म्हणून सांगते. आपण सकाळी कानस मारतो ना, पूड पडते ना कागदावर, ती साखळीची नाही. ती त्याची आहे. रोज थोडी. मी घोडी लावली म्हणून जास्त नीट, एवढाच फरक."

आईने तोंडावर हात नेला.

"तो यायला धडपडतोय, हे खरं आहे, आई. पण तो येतोय कारण आपण रोज सकाळी त्याच्या हातात धारदार करवत देतो आणि म्हणतो, चल, कामाला लाग. सरळ लावली तरी तेच, वाकडी लावली तरी तेच. काम करणाऱ्या माणसाची करवत बोथट झाली की तो ती खाली ठेवतो. बसतो. पाणी पितो. त्याला तीन वर्षांत आपण एकदाही बसू दिलेलं नाही. इतका दमलाय ग तो. त्याचा हात कसा थरथरत होता!"

"बोटभर राहिलंय," आई पुन्हा म्हणाली, पण आता ती ते कोणाला सांगत नव्हती.

"माहीत आहे. मलाही तो हवाय. तुमच्या सगळ्यांइतका हवाय." तिने डोळे पुसले आणि तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी धार लावणार नाही. घोडीने नाही आणि हाताने नाही. आज नाही आणि उद्याही नाही. आणि तुमच्यापैकी कोणी कानस उचलली, तर मी ती काढून घेईन. मला उद्धट म्हणा, मुलगी आहेस की कोण आहेस म्हणा. काय म्हणायचंय ते म्हणा."

बाबांनी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला. आईने पदर मुठीत घट्ट धरला. काका वर बघत राहिले.

मागे साखळी लाकडावर घासत होती, बारीक, पिठूळ, ओढल्यासारखी. मग अडखळली. आणखी थोडी घासली आणि थांबली. कोणीतरी जड वस्तू हळूच जमिनीवर टेकवावी तसा एक आवाज आला, आणि त्यामागून एक लांब श्वास.

तिघंही कान देऊन बसली होती.